पीकवर्तुळं आणि धाग्याची दिशा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पीकवर्तुळांवरून, म्हणजे उभं पीक आडवं पाडून शेतात उमटवलेल्या आकृत्यांवरून, सुचलेली चित्रं आणि धाग्यांची कामं यांवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. त्यातला निम्मा मजकूर ही वर्तुळं ‘कोण काढतं’ यातच खर्ची पडला आहे. वास्तविक डग बोवर आणि डेव्ह चोर्ली या दोघा इंग्रजांनी 1991 मध्येच सांगून टाकलं होतं की, फळी, दोर आणि नेम धरायला टोपीला लावलेली तार एवढ्या सामानावर आपण सत्तरच्या दशकापासून हा उद्योग करतो आहोत. पुढं आकृत्या वाढतच गेल्या. इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातल्या मिल्क हिल या टेकडीवर 2001 साली उमटलेल्या आकृतीत 409 वर्तुळं होती.

चित्रकारानं त्यातून नेमकं काय घेतलं, हे मात्र लेखात राहूनच गेलं. पीकवर्तुळ दिसतं ते आडव्या पडलेल्या दांड्यांवरून परतणाऱ्या उजेडामुळं. आपल्याकडं युरिया जास्त झाला आणि ओलितानंतर वारा सुटला की गहू लोळतो. तेव्हा बांधावरून पाहावं: एकाच वावरात एक पट्टा पांढुरका, शेजारचा गर्द. रंग तोच असतो, लोळलेली दिशा बदललेली असते.

धाग्यात हे साधायचं तर धागा चकाकणारा हवा. हातकताईच्या सुताचे तंतू सगळीकडं विस्कटलेले असतात, त्यामुळं ते कसंही फिरवलं तरी सारखंच दिसतं. कोशातून सलग काढलेला, कमी पिळाचा कोसा (टसर रेशीम) उत्तम. फुटक्या कोशांचं कातलेलं सूत घेतलं तर पुन्हा तीच अडचण. कोसा परवडत नसेल तर मर्सराइज केलेली, म्हणजे कॉस्टिक सोड्यानं चकाकी आणलेली, भरतकामाची सुती लडी घ्यावी. 15 सेंमी त्रिज्येचं वर्तुळ 1 मिमी जाडीच्या धाग्यानं गच्च भरायला सुमारे 71 मीटर धागा जातो; त्रिज्या दुप्पट केली की धागा चौपट. सगळा एकाच खेपेचा घ्यावा, नाहीतर मधेच छटा बदलते आणि ती दिशेची करामत समजून लोक फसतात.

खाली मांजरपाट चालतो, पण तो आधी गरम पाण्यात भिजवून, वाळवून मगच चौकटीवर ताणावा. वर्तुळ आखायला सुतळी घेऊ नये. ती ताणली जाते आणि रेघेची दोन टोकं जुळत नाहीत. लाकडी पट्टीच्या एका टोकाला खिळा आणि दुसऱ्या टोकाला पेन्सिलीपुरतं भोक पुरे. मधून सुरुवात करून धागा गोल गोल ठेवत जायचा आणि बारीक दोऱ्यानं टाचायचा: मध्याजवळ दर 3 मिमीवर, बाहेर 6 मिमीवर. काम बिघडतं ते इथंच. वळवताना धागा ओढला की प्रत्येक फेरा हवा त्यापेक्षा आखूड पडतो आणि चौकटीवरून काढताच कापड वाटीसारखं उचलतं. इस्त्रीनं ते बसत नाही. टाके उसवून बाहेरचे फेरे सैल हातानं पुन्हा घालावे लागतात. शेजारच्या वर्तुळात धागा उभा-आडवा भरला की उजेडातला फरक आपोआप दिसतो. रंगवायची हौस असेल तर हळद आणि पळसफुलं टाळावीत, दोन्ही उन्हात उडतात. गव्हाच्या वावरासाठी कोशाचा मूळचा सोनेरी रंग पुरेसा आहे.

कॅनव्हासवर हाच परिणाम जाड अ‍ॅक्रिलिक रंगामध्ये दातेरी पट्टी ओढून मिळतो, पण धाग्याइतका नाही, असं आमचं मत.

जाता जाता, वर्तुळांसाठी विल्टशरकडंच बघायला हवं असं नाही. नागपूरजवळ जुनापाणीला लोहयुगातली शिलावर्तुळं आहेत. तिथं चकाकी नाही, उठाव आहे. त्याला मात्र आपलं जाडंभरडं सूतच शोभेल.

आता तक्रार छायाचित्रांची. ती समोरून फ्लॅश मारून काढलेली दिसतात, त्यामुळं सगळा उजेडाचा खेळच मारला गेला आहे. काच काढून, एका बाजूनं खालून तिरपा दिवा ठेवून ती पुन्हा काढावीत आणि छापताना प्रत्येकाखाली माप, कापड आणि धागा यांची नोंद द्यावी, ही विनंती.

— एक वाचक, ता. देवळी, जि. वर्धा