पहिला दीड मीटर हाताने खणायचे पैसे वेगळे द्या : पर्यावरण मंत्र्यांना खुलं पत्र

मा. पर्यावरण मंत्री साहेब,
स. न. वि. वि.

जिथे पेट्रोल-डिझेल जमिनीत झिरपलंय अशा जागांवर बोअर मारून माती आणि पाणी तपासायचं काम मी करतो. चालू पेट्रोल पंप, डेपो, बंद पडलेल्या टाक्या, सगळंच येतं त्यात. मागणी एकच आहे, ती आधीच सांगतो : बोअर किती मीटर खोल मारला, नुसतं तेवढ्यावर या कामाचं बिल काढायची पद्धत बंद करा.

पंपाच्या फरशीखाली काय काय असतं बघा. टाक्या, टाकीपासून मशीनपर्यंतच्या पाइपलाइनी, वाफ बाहेर सोडणारे व्हेंटचे पाइप, विजेच्या केबली, ड्रेनेज, आणि हे सगळं वरच्या एक-दोन मीटरमध्येच. नकाशा मिळतो पण तो बऱ्याचदा मूळ बांधकामाचा असतो, नंतर कोणी लाइन फिरवली तर ती त्यात नसते. म्हणून आधी लोकेटर आणि रडार या जमिनीखालच्या लाइनी शोधणाऱ्या यंत्रांनी जागा तपासायची, मग पहिले १.२ ते १.५ मीटर हाताने नाहीतर व्हॅक्यूमने माती ओढून खणायचं, तेही ऑगरच्या, म्हणजे स्क्रूसारख्या फिरत्या ड्रिलच्या, व्यासापेक्षा मोठं, आणि खाली काही नाही याची खात्री झाल्यावरच रिग, म्हणजे बोअरचं मशीन, लावायची. पद्धत नवीन नाही, या धंद्यातल्या सगळ्यांना माहितीय. पण एकेका खड्ड्याला अर्धा दिवस सहज जातो आणि बिलात दिसतो तो दीड मीटर, तेवढा तर रिग काही मिनिटांत मारते, मग कंत्राटदार कशाला थांबेल सांगा?

एका साइटवर हाताने खणताना आमच्या हेल्परच्या फावड्यात गोल, गुळगुळीत, एकसारखी बारीक खडी आली. नकाशाप्रमाणे टाकी तिथून बरीच लांब होती. पण अशी खडी आपोआप जमिनीत येत नाही, ती टाकी बसवताना भोवती भरतात, म्हणजे आपण टाकीच्या नाहीतर लाइनच्या खड्ड्यात उतरलोय. तो तिथेच थांबला, बरोबर थांबला. वरून फोन आला तेव्हा पहिला प्रश्न काय, तर आज किती मीटर झाले. त्या पोराला शाबासकी द्यायची सोडून सगळ्यांसमोर झापलं, आणि हे मला अजून सहन होत नाही.

आता गॅसचं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिप्पट-चौपट जड असते, ती वर उडून जात नाही, खड्ड्यात, गटारात, तळघरात साचते. हवेत साधारण १.४ टक्के झाली की ठिणगीला पेटते. म्हणून या स्फोटमर्यादेच्या १० टक्क्यांवर गॅस मोजणारा मीटर गेला की काम थांबवायचं आणि इंजिन बंद करायचं. पण बरेच सुपरवायझर हा मीटर शून्य दाखवतोय म्हणजे हवा चांगली असं धरून चालतात, ते साफ चुकीचं आहे. मर्यादेचे १० टक्के म्हणजे १४०० पीपीएम वाफ, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत १४०० भाग, आणि अमेरिकेच्या नियमात कामगाराला आठ तासांच्या सरासरीने पेट्रोलमधलं बेंझिन चालतं फक्त १ पीपीएम. बेंझिनने कॅन्सर होतो. स्फोटाचा मीटर गप्प असताना माणूस ते श्वासात घेत असू शकतो, त्यासाठी अगदी थोडी वाफही पकडणारा पीआयडी मीटर वेगळा लागतो. शिवाय स्फोटाच्या मीटरमधला नेहमीचा सेन्सर गॅस जाळून मोजतो, त्याला ऑक्सिजन लागतो, खड्ड्यात तो कमी असेल तर रीडिंग खोटं कमी येतं, म्हणून ऑक्सिजनही सोबत मोजायचा. टँकर रिकामा होत असेल तर शेजारी ड्रिलिंग अजिबात नको. हे सगळं थांबणं आहे, आणि थांबण्याचे पैसे टेंडरमध्ये कुठेच नसतात.

वाफ किती लांब जाते याचा अंदाज नसेल तर मेक्सिकोतलं ग्वादलाहारा आठवा. २२ एप्रिल १९९२ ला पाइपलाइनमधून गळलेलं पेट्रोल ड्रेनेजमध्ये शिरलं आणि रस्तेच्या रस्ते उडाले, दोनशेहून जास्त माणसं गेली.

दुसरा धोका पाण्याचा, आणि तो आपणच तयार करतो याचं जास्त वाईट वाटतं. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, ते भूजलाच्या वर तरंगतं. खाली चिकणमातीचा थर असेल तर त्याखालचं पाणी बऱ्याचदा स्वच्छ राहतं. घाईत बोअर थेट त्या थरातून आरपार मारला की वरची घाण खाली जायला आपणच वाट करून देतो. थरात आधी केसिंग, म्हणजे बाहेरचा पाइप, बसवून सील करायचं, मगच आतून बारीक बोअर पुढे न्यायचा, दोन बोअरच्या मध्ये ऑगर गरम पाण्याच्या वाफेने धुवायचे, काम संपल्यावर भोक तळापासून पाइपने ग्राउट, म्हणजे घट्ट बसणारं पातळ मिश्रण, भरत वर यायचं. वरून माती ढकलून बुजवणं म्हणजे बुजवणं नाही. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली बेंझिनची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे १ ग्रॅम बेंझिन १ लाख लिटर पाणी मर्यादेपर्यंत न्यायला पुरतं.

तर साहेब, नेमकं करायचं ते असं. टेंडरमध्ये हाताने किंवा व्हॅक्यूमने खणणं, गॅसमुळे थांबलेले तास, ऑगर धुणं, निघालेली माती ड्रममध्ये भरून योग्य जागी नेणं आणि ग्राउटिंग, या प्रत्येकाचे दर वेगळे लावा. वरच्या दीड मीटरच्या खणण्याचे फोटो जोडल्याशिवाय त्या बोअरचं बिल पास होऊ देऊ नका. आणि काम थांबवायचा अधिकार हेल्परपासून सगळ्यांना लेखी द्या, थांबवल्याबद्दल कोणाचा पगार कापला तर दंड कंत्राटदाराला. भूजल तपासायला ठेवलेल्या बोअरच्या, म्हणजे मॉनिटरिंग वेलच्या, झाकणाला कुलूप आणि ठळक खूणही बंधनकारक करा, कारण ते टाकीचं तोंड समजून टँकरवाल्याने त्यात पेट्रोल ओतल्याचे प्रकार या धंद्यात घडलेत.

खर्च वाढेल, मान्य. पण फुटलेली लाइन आणि खराब झालेलं खालचं पाणी दुरुस्त करायचा खर्च याच्या कितीतरी पट असतो आणि तो शेवटी सरकारच्याच गळ्यात पडतो. नवीन कायदा लागत नाही, टेंडरचा नमुना बदलायचा आहे, ते तुमच्या खात्याच्या एका परिपत्रकात होईल. पुढच्या टेंडरच्या आधी ते निघावं, एवढी विनंती.

आपला,
साइटवर काम करणारा एक जिओलॉजिस्ट