बाबा, वरची फट उघडी राहू द्या

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

काल रात्री फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ झोप लागली नाही. बाबा, तुम्ही सांगितलंत की खुराड्याच्या सगळ्या फटी चिंध्या कोंबून बुजवल्या, वरून प्लॅस्टिक गुंडाळलं, आता वाऱ्याची झुळूकही आत शिरणार नाही. एवढ्या गारठ्यात शिडीवर चढून एकट्याने हे केलंत. त्या सात कोंबड्यांवर तुमचा किती जीव आहे ते मला माहीत आहे. पण बाबा, निदान वरच्या बाजूचं प्लॅस्टिक काढा. फोनवर मला नीट सांगता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

कोंबड्या पाळल्या त्या पहिल्या हिवाळ्यात मीही हेच केलं होतं. चार-पाच दिवसांत कोंबड्याच्या तुऱ्याची टोकं आधी पांढुरकी पडली आणि मग काळी. मला वाटलं, अजून कुठून तरी वारा येतोय, म्हणून राहिलेली फटही बुजवली. तुरा आणखी काळवंडला. एका पहाटे दार उघडून छपराच्या पत्र्याला आतून सहज हात लावला, तर हात चिंब. पत्र्याखाली थेंबांची रांग लागली होती आणि एकेक थेंब दांडीवर झोपलेल्या कोंबड्यांच्या पाठीवर पडत होता. रात्रभर मी त्यांना भिजवत होते. त्या तुऱ्याची टोकं शेवटी झडलीच.

तेव्हा मी हिशेब मांडला. एक कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पिते, म्हणजे तुमच्या सात जणी मिळून पावणेदोन लिटर. यातलं बरंचसं श्वासातून आणि शिटेतून खुराड्यातच उतरतं. ताज्या शिटेत तर तीन चतुर्थांश पाणीच असतं. ही वाफ वर चढते, आणि वर वाट मिळाली नाही की गार पत्र्याला धरते. कोंबडीचं अंग मुळातच ४१ अंशांच्या आसपास गरम असतं. रात्री ती पिसं फुलवते, पिसांमध्ये हवा धरून ठेवते, चोच पंखात खुपसते आणि पायांवर बसकण मारते. तिचं पांघरूण तिच्या अंगावरच आहे. ते कोरडं राहिलं की पुरतं, ओलं झालं की संपलं.

म्हणून छपराच्या अगदी खाली, समोरासमोरच्या दोन भिंतींना, बोटभर उंचीची, जाळी लावलेली लांबट फट ठेवा. ती दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या डोक्यापेक्षा वर हवी, म्हणजे वाफ निघून जाते आणि वारा अंगावर येत नाही. खालच्या बाजूच्या फटी तुम्ही बुजवल्यात ते उत्तम केलंत, त्या तशाच राहू द्या. जाळी मात्र बारीक घ्या, अर्ध्या इंचाच्या आतली. थंडीत उंदरांनाही आसरा हवा असतो.

दांडीबद्दलही एक गोष्ट. आत्ता आहे ती गोल, बारीक काठी आहे. तिच्यावर बसलं की बोटं वळून खाली उघडी राहतात. तिच्या जागी तीन-चार इंच रुंदीची चपटी पट्टी रुंद बाजू वर करून ठोका, कडा घासून घ्या. मग पंजा सपाट टेकतो आणि वरून पोटाची पिसं त्याच्यावर पसरतात. हे काम मी आल्यावर करू, तुम्ही शिडी काढू नका.

आणि आई, बल्ब लावायचं मनात आणू नकोस. तू काल म्हणालीस, आत एक मोठा बल्ब सोडला तर ऊब राहील. सुकं तूस, उडणारी पिसं, सगळीकडे धूळ आणि त्यात तापलेला बल्ब. एखादी कोंबडी फडफडली आणि तो खाली पडला तर सारं खुराडं पेटेल. शिवाय उबेची सवय झालेल्या कोंबड्यांना मध्येच वीज गेली की एकदम गारठा सोसवत नाही. अंगभर पिसं असलेल्या धडधाकट कोंबडीला बल्बची गरजच नाही. पिल्लांची गोष्ट वेगळी.

खाली पसरलेली तुसाची गादी मात्र जाड करा. आत्ता दोन-तीन बोटं तूस असेल, ते वीतभर होऊ दे. सकाळी थोडं खाली-वर हलवायचं आणि वरून सुकं तूस किंवा वाळलेला पाला टाकायचा. मूठभर गादी उचलून घट्ट दाबा आणि हात उघडा. मोकळी सुटली तर ठीक, लाडवासारखा गोळा राहिला तर ओल जास्त झाली. दांडीखाली एक फळी ठेवली तर रात्रीची शीट तिच्यावर पडते आणि सकाळी खरवडून थेट खताच्या खड्ड्यात टाकता येते. वास घ्यायचा तो उभ्याने नाही. बाबा, गुडघे वाकवू नका, स्टूल घेऊन बसा आणि नाक दांडीच्या उंचीला न्या. डोळे चुरचुरले तर तो अमोनिया आहे, आणि त्या रात्रभर तोच श्वासात घेत आहेत. त्याने त्यांचे डोळे आणि श्वासनलिका दोन्ही खराब होतात.

आता मला खरी काळजी वाटते ती कोंडून राहण्याची. आई म्हणाली, तांबडीच्या पाठीवर शेपटीपाशी पिसं उरली नाहीत आणि ती सारखी कोपऱ्यात उभी असते. हे पिसं गळणं नव्हे गं. ऋतूप्रमाणे पिसं झडतात तेव्हा सुरुवात डोक्या-मानेपासून होते आणि खाली नव्या पिसांचे टोकदार कोंब दिसतात. शेपटीच्या मुळाशी उघडी कातडी आणि अर्धवट तुटलेली पिसं म्हणजे बाकीच्या तिला टोचताहेत. दिवसभर जमीन उकरणं हा ज्यांचा जन्माचा उद्योग, त्यांना चार भिंतींत उकरायला काही नाही, मग चोच शेजारणीवर चालते. आजच बॅटरी घेऊन तिला उचलून बघा. रक्त दिसलं तर तिला आजच वेगळं ठेवा; लाल ठिपका दिसला की त्या तिथेच पुन्हापुन्हा टोचतात. जाळीच्या पलीकडे, बाकीच्यांना दिसेल अशी ठेवा, म्हणजे परतल्यावर ती परकी ठरणार नाही.

जागेचंही बघायला हवं. आतलं खुराडं सहा बाय पाच फुटांचं, म्हणजे तीस चौरस फूट. रात्रीपुरतं ते सात जणींना चालतं. दिवसभर मात्र प्रत्येकीला आणखी आठ-दहा चौरस फूट लागतात. पुढचा जाळीचा भाग आहे ना, त्याच्यावर पारदर्शक पत्रा टाकू आणि वाऱ्याच्या बाजूला खालून कमरेपर्यंत आडोसा करू. जमीन कोरडी राहील, उजेड येईल. त्यात गवताची पेंढी न सोडता तशीच टाकून द्या. ती उसवायला त्यांना दोन दिवस लागतात, आणि ते दोन दिवस कुणी कुणाला टोचत नाही, हे मी माझ्याकडे पाहिलंय. कोबीचा गड्डा दोरीने त्यांच्या डोळ्यांच्या जरा वर टांगा. मोठ्या घमेल्यात कोरडी माती, वाळू आणि चाळलेली राख मिसळून ठेवा. पहिली कोंबडी त्यात कुशीवर पडून पंखाने माती अंगावर घेते, डोळे अर्धवट मिटते, आणि बाकीच्या भोवती वाट बघत उभ्या राहतात. ते बघायला, आई, तू नक्की खुर्ची टाकून बस. उवांचा त्रासही त्याने कमी राहतो. तरी आठवड्यातून एकदा पंखाखाली आणि शेपटीखाली पिसं बाजूला करून बघत जा.

खाण्याचं तुम्हाला मी काय सांगणार. कोंबडीमागे रोज सव्वाशे ग्रॅमच्या आसपास खाद्य, मुख्य जेवण लेअर खाद्याचंच, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी मिळतं त्याचंच. झोपायच्या आधी मूठभर मका-गहू गादीत विखरून टाका. उकरणंही होतं आणि रात्रभर पचवताना अंगात ऊबही राहते. पण दाणे मूठभरच, त्यावर पोट भरू देऊ नका. बाहेर जात नाहीत म्हणजे पोटात दाणे दळायला लागणारे खडे मिळत नाहीत, तेव्हा बारीक खडी एका वाटीत आणि अंड्याच्या कवचासाठी शिंपल्यांचा चुरा दुसऱ्या वाटीत ठेवा. पाणी खुराड्याबाहेर, जाळीच्या भागात. सकाळी त्यावर बर्फाची पापडी धरली असेल तर कोमट पाणी ओता आणि दुपारी पुन्हा बघा. पाणी आटलं की त्या खाणंही सोडतात.

आई, अंडी कमी झाली म्हणून जीवाला लावून घेऊ नकोस. पूर्ण अंडी द्यायला त्यांना दिवसाला चौदा-सोळा तास उजेड लागतो, आत्ता तो नाही. नवी पिसं यायलाही अंगातलं प्रथिनच लागतं. दिवस मोठे झाले की अंडी येतील. यंदा त्यांना विसावा मिळू दे.

बाबा, पाण्याची बादली भरून अंधारात नेऊ नका. ओल्या जमिनीवर तुमचा पाय सटकला तर मी इतक्या लांबून काय करणार? दोन छोटे डबे, दोन फेऱ्या, आणि उजाडल्यावर. रविवारी मी पत्रा, जाळी आणि दांडीचं लाकूड घेऊन येते. तोवर फक्त वरचं प्लॅस्टिक काढा. उद्या सकाळी दार उघडल्यावर पत्र्याच्या आतून हात फिरवा आणि कोरडा लागला की ओला, ते मला फोन करून सांगा. मी सातपासून फोन जवळ ठेवते.

तुमची,
ताई

ता. क. तांबडीला उचलताना आई तू उचल, बाबांच्या हातून ती सुटते. पंख अंगाशी धर म्हणजे घाबरणार नाही.