खुले पत्र : खेळ तुमचा, चिखल आमचा

प्रति,
मा. क्रीडामंत्री, ब्रिटिश सरकार,
पार्लमेंट स्ट्रीट, लंडन

सादर नमस्कार.

पत्र मराठीत आहे, राग मानू नये. इंग्रजीत कुठल्याही सरकारी कचेरीला लिहिलं की "आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे" असं छापील उत्तर येतं. ते उत्तर पत्र न वाचताही देता येतं, तेव्हा आपली काही अडचण व्हायची नाही.

मी मूळचा कोल्हापूरचा, शिवाजी पेठेतला. बरीच वर्षं पूर्व लंडनमध्ये आहे आणि इथल्या एका बारा वर्षांखालच्या फुटबॉल संघाचा सेक्रेटरी आहे. गेल्या आठवड्यात आमच्या कौन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, ई-मेल आला. मैदानाचं भाडं वाढलं. चेंजिंग रूम पुढील सूचनेपर्यंत बंद. आणि आमच्या दोन मैदानांवर पाणी साचतं, म्हणून या हंगामात त्यांवर रेषाच मारल्या जाणार नाहीत. हेच ते पाणी, ज्याचा निचरा करून देतो असा शब्द याच कौन्सिलनं गेल्या वर्षी दिला होता. माणसं आली, टेप लावून मोजमाप केलं, फोटो काढले, आमचाच चहा प्यायले आणि गेली. आता पाणी साचतं हा आमचाच गुन्हा ठरला.

फुटबॉल आम्ही जगाला दिला, हे तुमचा देश उठता-बसता सांगतो. दिलात, मान्य. शेफील्ड एफसी १८५७ चा, जगातला सर्वांत जुना क्लब. १८६३ मध्ये लंडनच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये चार शहाणी माणसं बसली आणि फुटबॉल असोसिएशन उभी राहिली. १८८३ मध्ये ब्लॅकबर्न ऑलिम्पिकच्या गिरणी कामगारांनी ओल्ड इटोनियन्सच्या, म्हणजे ईटन या बड्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या संघातल्या, साहेबलोकांना असोसिएशनच्या एफए कप स्पर्धेच्या अंतिम सामन्यात जादा वेळेत २-१ नं हरवलं, तेव्हापासून हा खेळ कष्टकऱ्यांचा झाला. भाषणात हे सगळं छान वाजतं. पण त्या सर्वांत जुन्या क्लबाला स्वतःचं मैदान कधी मिळालं? २००१ मध्ये. तेही शेफील्डमध्ये नाही, शेजारच्या डर्बीशायरमधल्या ड्रॉनफील्डला, एका पबला लागून. पुढं २०११ मध्ये त्यांनी आपली मूळ हस्तलिखित नियमावली आणि जुनी कागदपत्रं लिलावात काढली. ८,८१,२५० पौंड आले. विठोबाच्या पायाखालची वीट विकून देवळाची डागडुजी करावी, तशी ही गत. यावर कुणाही मंत्र्याला रात्री झोप लागली नाही, असं ऐकिवात नाही.

आठवणींचं मात्र तुम्हा लोकांना भारी कौतुक. स्वेटर टाकून केलेले गोलपोस्ट, मध्यंतरात संत्र्याच्या फोडी, काळ्या कपड्यांतला रेफ्री, रविवारची पूर्व लंडनमधली हॅकनी मार्शेस मैदानं. ती मार्शेस तरी कशी झाली, ते आठवतं का? दुसऱ्या महायुद्धात बॉम्बनी पाडलेल्या घरांचा राडारोडा त्या दलदलीवर टाकून जमीन उंच केली आणि तिथं शंभराहून अधिक मैदानं आखली. देश कर्जात बुडालेला, साखर रेशनवर, तरी पोरांना खेळायला जागा करून दिली. आज देश श्रीमंत आहे आणि आम्हाला पांढरी रेघ मिळत नाही.

आणि त्या जुन्या काळाचे गोडवे फार नकोत. १९२० च्या बॉक्सिंग डेला, २६ डिसेंबरला, लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक कर लेडीज या बायकांच्या संघाचा सामना बघायला ५३,००० माणसं आली होती. पुढच्याच वर्षी, १९२१ मध्ये, असोसिएशननं ठरवलं की हा खेळ बायकांना शोभत नाही, आणि आपल्या क्लबांची मैदानं त्यांना बंद केली. जवळपास पन्नास वर्षं. रविवारी खेळण्यावरही असोसिएशनची मनाई होती, ती सुटायला १९६० उजाडलं. लोक तोवर खेळतच होते म्हणा. आता बंदी नाही, जाहिरातींत जिकडेतिकडे मुलीच मुली. आमच्या संघातही आहेत. त्या रविवारी सकाळी आईच्या गाडीत मागच्या सीटवर टॉवेल धरून कपडे बदलतात, कारण चेंजिंग रूमला कुलूप आहे. बंदी उठवलीत, कुलूप कोण काढणार?

माझं काय चाललंय तेही ऐका. जानेवारीत सकाळी आठला बधिर बोटांनी जाळी हुकांत अडकवायची. कुत्र्यांची घाण फावड्यानं उचलायची. रेफ्री आला नाही तर शिट्टी माझ्या तोंडात, आणि मग दोन्हीकडच्या आईबापांच्या शिव्या माझ्या नावानं. चौदा पोरांचं चिखलानं माखलेलं किट आमच्या घरातल्या वॉशिंग मशीनमध्ये; ते मशीन आता धुण्याऐवजी ओरडतं. मुंबईहून मेहुणा आला, त्याला टॉवर ब्रिज दाखवायचा सोडून लाईनमनचा झेंडा हातात दिला. तो परत आलेला नाही. गुडघा गेला आहे, डॉक्टरची तारीख लागत नाही, पण तो विषय दुसऱ्या मंत्र्यांचा.

पैसा नाही म्हणता? वरच्या क्लबांच्या प्रीमियर लीगनं देशातल्या टीव्हीचे हक्क चार हंगामांसाठी ६.७ अब्ज पौंडांना विकले. मी विजेच्या बिलामागं हिशेब केला : दिवसाला पंचेचाळीस लाखांच्या वर. १९९९ च्या आसपास टीव्हीच्या पैशातला पाच टक्के वाटा तळातल्या खेळाला द्यायचा शब्द झाला होता. ६.७ अब्जांचे पाच टक्के म्हणजे साडेतेहतीस कोटी पौंड. आमचा निचरा त्यातल्या चिल्लरीत झाला असता. १९७९ ते ९७ मध्ये शाळांची दहा हजार मैदानं विकली गेली, हा आकडा संसदेपासून पबपर्यंत सगळीकडे फिरतो. खोटा वाटत असेल तर निम्मा धरा. पाच हजार मैदानं कमी वाटतात का?

खरी मेख कायद्यात आहे. १९०८ च्या कायद्यानं लोकांना भाजी लावायला वाफे देणं कौन्सिलवर बंधनकारक आहे. बागा आणि मैदानं राखणं मात्र ऐच्छिक. म्हणजे वांग्याला हक्क आहे, पोराला नाही! मग पैशाची तंगी आली की कात्री कुठं लागणार, हे सांगायला अर्थमंत्री कशाला हवा? २०२५ मध्ये मोठा गाजावाजा करून फुटबॉल प्रशासनाचा कायदा आणलात. तो वरच्या पाच पायऱ्यांवरच्या ११६ क्लबांपुरता. उरलेल्या हजारोंनी टाळ्या वाजवायच्या. त्याच वर्षी मार्चमध्ये तुमच्याच सरकारनं जाहीर केलं की मैदानावर बांधकामाचा अर्ज आला तर स्पोर्ट इंग्लंड या सरकारी क्रीडा संस्थेला विचारण्याची सक्ती काढून टाकायचा विचार आहे. घरं हवीतच, मीही भाडेकरूच आहे. पण घरातल्या पोरांनी खेळायचं कुठं? तासावर भाडं घेणाऱ्या पिंजऱ्यातल्या प्लॅस्टिकच्या गवतावर? ते ज्यांना परवडतं ते जातात, आमच्यातली निम्मी पोरं संघ सोडतात.

हा तुमचाच खेळ कोल्हापुरात तालमींनी आपलासा केला. पाटाकडील विरुद्ध दिलबहार असला की शाहू स्टेडियम ओसंडतं. तिथं सगळं गोड आहे असं नाही, भांडणंही तुफान होतात. पण पेठेला वाटतं, संघ आपला आहे. इथं संघ आमचा, मैदान कौन्सिलचं, जमिनीवर डोळा बिल्डरचा, आणि इतिहास तेवढा तुमचा.

तेव्हा खेळाची मैदानं राखणं हे कायद्यानं कर्तव्य करा, वाफ्यांसारखंच. स्पोर्ट इंग्लंडला विचारायची सक्ती राहू द्या. त्या पाच टक्क्यांचं काय झालं, त्याचा वर्षवार हिशेब छापा. आणि हे काहीच जमणार नसेल, तर निदान आमच्या चेंजिंग रूमची किल्ली कुणाकडे आहे तेवढं कळवा.

आपला,
सेक्रेटरी, रेफ्री (गरजेनुसार), जाळी बांधणारा आणि किट धुणारा
पूर्व लंडन