आगाऊ आलेले पैसे आपले नसतात

स. न. वि. वि.

सदाशिव पेठेत मी २००८ पासून मेस चालवते. जूनमध्ये कॉलेजं सुरू झाली की आमच्या भागात नव्या मेसच्या पाट्या लागतात आणि दिवाळीनंतर त्यातल्या एक-दोन उतरतात. गेल्या डिसेंबरात उतरलेली पाटी माझ्या सख्ख्या भाच्याची होती, म्हणून हे पत्र.

पोराच्या हाताला चव आहे. पहाटे मार्केट यार्डातून भाजी आणायची, रात्री अकराला ओटा धुवायचा. कष्टात तो कुठेच कमी पडला नाही. पहिल्याच महिन्यात ६५ मुलं लागली. मेसचे पैसे एक तारखेला आगाऊ येतात. प्रत्येकी ३,२०० रुपये धरले तर आठवड्यात २ लाख ८ हजार हातात आले. त्यातून त्याने डीप फ्रीज घेतला, दिव्यांची पाटी केली. पण ते पैसे म्हणजे ६५ मुलांचं महिनाभराचं दोन वेळचं जेवण होतं. तांदूळ, तूरडाळ, गॅस, पोळ्या लाटणाऱ्या बायकांचा पगार, सगळं अजून द्यायचं होतं.

मेसमध्ये ‘खाडा’ असतो. मुलगा चार दिवसांच्या वर गावी गेला की तेवढे दिवस पुढच्या महिन्यात वाढवून द्यायचे. दिवाळीत कॉट बेसिसवर, म्हणजे एका खाटेपुरतं भाडं देऊन राहणारी बहुतेक सगळी मुलं पंधरा-वीस दिवस घरी जातात. त्या दिवसांचं धान्य वाचतं. भाडं आणि पगार वाचत नाहीत, वर बायकांना बोनस द्यावा लागतो. मुलं परतली ती खाडे घेऊन. म्हणजे अर्धा महिना नवा पैसा नाही आणि ताटं मात्र रोज ६५. किराणावाल्याने उधारी थांबवली. त्यात गॅसचा हिशेब भाच्याने घरच्या १४.२ किलोच्या सिलिंडरवर धरला होता. धंद्याला १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर लागतो आणि त्याचा दर वेगळा. सरकारी संकेतस्थळावर फुकट होणाऱ्या उद्यम नोंदणीसाठीही (लहान धंद्यांची सरकारी नोंदणी) एका एजंटने त्याच्याकडून दोन हजार घेतले होते. ते नुकसान छोटं, पण मला फार लागलं.

मेस बंद करून तो माझ्याकडे येऊन बसला, तेव्हा मी माझी वही काढली. शेवटच्या पानावर दर महिन्याला रोज सरासरी किती ताटं गेली ते लिहिलेलं असतं. ऑगस्टला ८५, दिवाळीच्या महिन्यात ३०, मे महिन्यात २७. अनंत चतुर्दशीला लाल खूण, कारण टिळक रस्ता, लक्ष्मी रस्ता बंद आणि डबे पोहोचत नाहीत. तो त्या पानाकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “मावशी, हे मला आधी का नाही दाखवलंस?” नव्या कामाला अपशकुन नको म्हणून मी गप्प बसले होते. ते माझं चुकलं.

मी आगाऊ येणाऱ्या दर हजारातले दीडशे रुपये पतपेढीतल्या वेगळ्या खात्यात टाकते. दिवाळी आणि मे सोडून त्याला हात लावत नाही. जागेच्या करारावर सही करण्याआधी नव्या माणसाने वर्षाचं कॅलेंडर समोर घ्यावं आणि गिऱ्हाईक कुठल्या महिन्यात नसेल तेवढंच आधी लिहावं. गिऱ्हाईक कधी येईल हे सगळ्यांनाच सुचतं. मेस असो, झेरॉक्सचं दुकान असो की कॉलेजजवळचा वडापाव, त्या रिकाम्या महिन्यांचं भाडं हातात नसेल तर गाळा घेऊ नये, थोडं थांबावं.

आपल्या वृत्तपत्रात यशस्वी उद्योजकांच्या मुलाखती येतात, त्या मी आवडीने वाचते. पण बंद पडलेल्या लहान दुकानांचे महिन्यावारी हिशेबही आपण छापावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. भाचा स्वतःचा हिशेब द्यायला तयार आहे.

– एक मेसचालिका, सदाशिव पेठ, पुणे ३०