पटसंख्या आणि गुणवत्ता वेगवेगळी मोजावी

महोदय,

नागपूर महानगरपालिकेच्या छोट्या प्राथमिक शाळांचा विषय निघाला की पटसंख्येचा आकडा पुढे केला जातो आणि पट कमी म्हणजे शिकवणे कमी, असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक मला अन्यायाचे वाटते. ज्या वर्गात आठच मुले आहेत, तेथे एकाने चाचणी दिली नाही किंवा एकाला वाचन जमले नाही, तर निकाल साडेबारा टक्क्यांनी खाली येतो. शिक्षक मात्र तेच असतात आणि त्यांची मेहनतही तीच. अशा शाळेचे मूल्यमापन टक्केवारीवर नव्हे, तर प्रत्येक मूल जूनअखेर कोठे होते आणि एप्रिलमध्ये कोठे पोहोचले, यावर व्हायला हवे.

शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक आवश्यक आहेत. त्यांतील एक निवडणुकीच्या किंवा जनगणनेच्या कामावर गेला, की उरलेल्या एकाला पाचही वर्ग सांभाळावे लागतात, आणि हे पाहणारे पालक पुढच्या वर्षी मुलाचे नाव काढून घेतात. पट घटतो तो येथे. (मोलमजुरी करणाऱ्या आईबापांनाही मुलाच्या शिक्षणाची पारख असते.)

शाळा बंद करण्याचा किंवा दुसरीत विलीन करण्याचा विचार करण्यापूर्वी प्रशासनाने तेथे दोन्ही शिक्षक वर्षभर टिकवावेत आणि वस्तीतील अंगणवाडीतून पहिलीत येणाऱ्या मुलांची नोंद उन्हाळ्याच्या सुटीआधीच घ्यावी, ही विनंती.

– एक पालक, नागपूर