सातवीची दुसरी मूव्हमेंट

प्रिय मन्या,

तुझा मेसेज वाचून आधी हसलो, मग चिडलो, आणि आता नीट लिहायलाच बसलोय. बीथोवनच्या सातव्या सिम्फनीची दुसरी मूव्हमेंट, म्हणजे दुसरा भाग, तुझ्या अ‍ॅपला दाखवलीस तर त्याने म्हणे टेम्पो (लय) 140, स्वरपट्टी ए मायनर, मूड सॅड असं सांगितलं. स्वरपट्टी बरोबर आहे. बाकी सगळा घोळ आहे.

140 चा आकडा कुठून आला सांगतो. कंडक्टर कार्लोस क्लायबरने व्हिएन्ना फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राबरोबर 1975-76 ला केलेलं ते रेकॉर्डिंग, तिथे मिनिटाला साधारण 70 ठोके पडतात, पण तो दीर्घ-लघु-लघु-दीर्घ-दीर्घ ठेका असा आहे की मशीनने लघु मोजले असणार आणि लय सरळ दुप्पट करून टाकली. गाणाऱ्या माणसाचं असं होत नाही, त्याला सम कळते.

आता खुद्द बीथोवनचा आकडा मिनिटाला 76 ठोके आहे, 1817 ला छापलेला. मी परवा हिशोबच केला: 278 बार (तालाचे छोटे तुकडे), प्रत्येकात दोन ठोके, म्हणजे 556, भागिले 76, आले सव्वासात मिनिटांपेक्षा जरासे जास्त. क्लायबर आठच्या आसपास संपवतो. आणि दुसरा कंडक्टर फुर्टव्हेंगलर? दहा! तिथे ती खरंच अंत्ययात्रा वाटते, आणि मला वाटतं सॅड सॅड म्हणायची सवय लोकांना अशा संथ रेकॉर्डिंगांमुळेच लागली असावी. स्वरलिपीवर लिहिलंय अलेग्रेट्टो रे, म्हणजे जराशी जलद लय, विलंबित नाही, चालतंय कोणीतरी, थांबत नाहीये. 1813 ला व्हिएन्नात पहिल्यांदा वाजली तेव्हा लोकांनी हीच मूव्हमेंट परत वाजवायला लावली होती. (तो कार्यक्रम घडवून आणण्यात मेल्झेलचा हात होता, तोच लय मोजणाऱ्या मेट्रोनोम यंत्रावाला, काय योगायोग!)

मूडचं म्हणशील तर एका ठिकाणी कान दे. आधी नुसते व्हियोला, चेलो, डबल बास खाली पुटपुटत असतात, मग एकेक थर चढत जातो, आणि सगळा ऑर्केस्ट्रा भरून ओरडून झाला की अचानक ए मेजर. षड्ज तोच, गंधार शुद्ध झाला, वर क्लॅरिनेट आणि बसून ही फुंकवाद्यं निवांत गाताहेत, पण खाली बासमध्ये तो ठेका अजून चालूच! म्हणजे उजेड आला तरी पावलं तीच. याला एका शब्दाचं लेबल लावणाऱ्याला मी काय बोलू.

आणि सुरुवातीचा तो फुंकवाद्यांचा कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर), त्याच्या तळाशी षड्ज नाहीच, पंचम आहे, म्हणून तो टेकत नाही, लोंबकळतो. अगदी शेवटी तोच परत येतो, तसाच लोंबकळत. त्याच्या जरा आधी बहुतेक कंडक्टर शेवटचे सूर व्हायोलिनांकडून गजाने वाजवून घेतात, क्लायबर मात्र शेवटपर्यंत पिझिकाटोच ठेवतो, नुसतं बोटाने टुक-टुक. मला आधी ते खटकलं होतं, कोरडं वाटलं, आता दुसरं काही चालत नाही.

तर फोन पालथा ठेव, दोन्ही रेकॉर्डिंगं लागोपाठ ऐक, आधी दहा मिनिटांचं. आणि ते पिझिकाटो आवडलं की नाही तेवढं कळव, अ‍ॅपला न विचारता.

तुझाच,
बाळ्या