शिफ्टची वही

निपाणी,
रविवार

चि. स्नेहल हिस,
अनेक आशीर्वाद.

बेळगावला उद्यमबागेतल्या मशीन शॉपची दुपारची शिफ्ट तुझ्याकडे दिल्याचं कळलं. बाबा शेजारी पेढे देऊन आले, मी कागद घेऊन बसले. फोनवर तू नुसतं 'होय गं आई' म्हणतेस आणि सगळं वाऱ्यावर जातं.

काल बोलता बोलता म्हणालीस, "काम अडलं की मीच मशीनवर उभी राहते." हे आधी सोड. चांगली ऑपरेटर सुपरवायझर झाली की पहिले दोन-तीन महिने हमखास हेच करते, कारण स्वतः करणं सोपं आणि सांगणं अवघड. तू एका मशीनला चिकटलीस की बाकीच्या मशीनांवर कुणाचं लक्ष नाही. शिवाय पोरांना कळतं, थांबलं की मॅडम येऊन करतात. वर्षअखेरीला मॅनेजर म्हणणार, "पोरगी कामाला वाघ आहे," आणि पुढची जागा दुसऱ्याला देणार. वाघाला मशीनवरून हलवणं त्यांना परवडत नाही.

३ ला शिफ्ट लागते ना? मग पावणेतीनला तू लाईनवर हवीस, ऑफिसात नव्हे. बरंचसं स्क्रॅप त्या पंधरा मिनिटांत ठरतं. ५० एच ७ चा बोअर घे, म्हणजे ५० मिलिमीटरचं अचूक भोक. टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, शून्य ते अधिक २५ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग), बस्स. बोअरिंगचं इन्सर्ट, म्हणजे कापणारी टिकली, झिजत जातं तसा बोअर लहान येतो, म्हणून सकाळचा ऑपरेटर थोडं थोडं ऑफसेट, म्हणजे झिजेची भरपाई, मशीनला देत जातो. शिफ्ट संपेपर्यंत समज ४० मायक्रॉन साठले. घरी जायच्या घाईत त्याने इन्सर्ट बदललं, ऑफसेट तसंच राहिलं. तुझ्या माणसाने सायकल स्टार्ट दाबली की पहिलाच पीस मोठा. लहान आलेला बोअर पुन्हा मारता येतो, मोठा झालेला थेट भंगारात. मग दोन शिफ्टची भांडणं, आणि दोघंही खरंच बोलत असतात. एकाने इन्सर्ट बदलून उपकारच केलेले असतात, दुसऱ्याला कुणी सांगितलेलं नसतं.

म्हणून वहीत दर मशीनला एक ओळ: इन्सर्ट कधी बदललं, त्यावर किती पीस झाले, ऑफसेट किती साठलंय, बोअर गेजचं शेवटचं रीडिंग, आणि काय अडलंय. सही दोन्ही शिफ्टची. नव्या इन्सर्टचा पहिला पीस इन्स्पेक्शनमधून ओके होऊन येईपर्यंत दुसरा लावायचा नाही, डिस्पॅचवाले कितीही बोंबलू देत. पीस थंड मात्र होऊ दे. बीडाचा (ओतीव लोखंडाचा) ५० मिलिमीटरचा बोअर २० अंशांनी गरम असेल तर साधारण ११ मायक्रॉन मोठा दाखवतो. म्हणजे निम्मा टॉलरन्स नुसत्या उष्णतेने खाल्ला!

शिफ्ट लागली की सगळ्यांना पाच मिनिटं गोळा कर, उभ्याउभ्याच. काल काय बिघडलं, आज कुठला पार्ट आधी जायचाय, कोण कुठल्या मशीनवर, कुणाला काय कमी पडतंय. भाषण नको. आणि "कळलं का?" असं विचारू नकोस, 'हो' म्हणायला काय जातंय! आकडा त्याच्या तोंडून वदवून घे: "किती ऑफसेट देणार?"

तुझ्याकडे निम्मी माणसं कन्नड बोलणारी असतील आणि तुझं कन्नड भाजी घेण्यापुरतं. ते वाढव. 'माडु' आणि 'माड्री' यांत तेवढाच फरक आहे जेवढा 'कर' आणि 'करा' यांत. वयाने मोठ्या सेटरला, म्हणजे मशीन लावून देणाऱ्याला, त्या एका 'री'मुळे वाटतं की पोरगीला रीत कळते. 'अण्णा', 'अक्का' म्हणायला लाजू नकोस, पण रीडिंग चुकलं तर अण्णांचंही चुकलंच. सीमाप्रश्न कँटीनमध्ये निघाला की चहा संपव आणि ऊठ.

मोठ्या माणसाची चूक दाखवायची तर चारचौघांत नाही. पीस आणि गेज घेऊन त्याच्या मशीनपाशी जा, त्यालाच मोजायला लाव, "किती दाखवतंय?" एवढंच विचार. आकडा त्यानेच वाचला की अर्धं काम झालं. मग यापुढे काय करायचं ते एका वाक्यात सांग. "सॉरी मामा, सांगायला बरं वाटत नाही, पण..." अशी सुरुवात करतेस ना, ती बंद. बायकांना ही सवय लहानपणापासून लावलेली असते, आणि समोरच्याला त्यातलं 'सॉरी' तेवढं ऐकू जातं. कुणी तुला ओलांडून थेट मॅनेजरकडे जायला लागला तर त्याच्याशी भांडू नकोस. मॅनेजरला एकट्याला गाठ आणि सांग, "माझ्या शिफ्टचा प्रश्न आला तर आधी मला बोलवा, मग उत्तर द्या." हे पहिल्या महिन्यात सांगितलं तर व्यवस्था वाटते, सहाव्या महिन्यात तक्रार वाटते.

मीटिंगचे मिनिट्स, म्हणजे काय ठरलं त्याची नोंद, तुझ्याकडेच येणार, 'तुझं अक्षर छान' म्हणून. खंडेनवमीची रांगोळी आणि पाहुण्यांचा चहाही. मिनिट्स एकदा लिही. दुसऱ्या वेळी हसतच म्हण, "मागच्या खेपेला मी लिहिले, आता पाळी लावूया." लिहिणाऱ्याची मान खाली असते, त्याला बोलायला सवड मिळत नाही.

आता दुसरी वही, तुझी स्वतःची. इथे निपाणीत बायका हजाराच्या दराने विड्या वळतात आणि छाट, म्हणजे खराब विड्या, बाजूला काढणारा बहुधा पुरुष असतो. मजुरी कुणाच्या हातात, तर मोजणाऱ्याच्या. तेव्हा स्वतःचं काम स्वतः मोजायला शीक. दर शुक्रवारी दहा मिनिटं: काय बदललं, आधीचा आकडा, नंतरचा आकडा, कुणी पाहिलं. समज तुझ्या शिफ्टला ४०० पीस होतात आणि १२ रिजेक्ट व्हायचे, म्हणजे ३ टक्के. ते ६ वर आले. दिवसाला ६ पीस वाचले, २६ दिवसांचे १५६. एका पीसची किंमत ३५० रुपये धरली तर महिन्याला ५४,६०० रुपये. "मी खूप मेहनत घेतली" याला उत्तर असतं, "सगळेच घेतात." ५४,६०० ला उत्तर शोधावं लागतं. मात्र त्यातला जो भाग सेटरच्या डोक्यातून आला, तो त्याच्या नावावर लिही आणि मॅनेजरसमोर त्याचं नाव घे. पुढची युक्ती तो आपण होऊन तुझ्याकडे आणेल.

पगारवाढ मागायची ती मार्चात नाही. एप्रिलपासून वर्ष धरणाऱ्या कंपनीत मार्चपर्यंत आकडे बहुधा ठरून गेलेले असतात. डिसेंबर-जानेवारीत वेळ मागून घे आणि एका कागदावर तीन आकडे ने, जास्त नको. रक्कम आधी बोल आणि मग गप्प बस. त्या शांततेत आपणच "थोडं कमी चालेल" म्हणून मोकळ्या होतो, तिथेच पैसे जातात. ते 'बजेट नाही' म्हणाले तर विचार: कधी असेल, त्यासाठी काय दाखवायचं. संध्याकाळी तेच दोन ओळींत मेल कर.

ऑफर लेटर आलं की सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुझ्यावरचा एकूण खर्च, बघून हुरळू नकोस. मालकाचा १२ टक्के पीएफ आणि बेसिकच्या ४.८१ टक्के ग्रॅच्युइटी बहुतेक जण त्यातच घालतात, तीही साधारणपणे पाच वर्षं पुरी झाल्यावरच हातात येणारी. बेसिक किती आणि 'व्हेरिएबल' (कमी-जास्त होणारा भाग) किती, हे दोनच रकाने आधी वाच. पद वाढलं आणि वाढ सगळी व्हेरिएबलमध्ये गेली तर बढती कागदावरची.

कायद्याच्या गोष्टी तुला आता इतर मुलींसाठीही लागतील. संध्याकाळी ७ ते सकाळी ६ या वेळेत बाईला तिच्या संमतीशिवाय लावता येत नाही. संमती लेखी घे, आणि घरापर्यंत गाडी आहे का ते आधी विचार. तुझी शिफ्ट ११ ला सुटते, तेव्हा हे तुलाही लागू. १० किंवा जास्त माणसं असतील तिथे लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती हवीच, अध्यक्ष बाई, निम्म्या तरी सदस्य बाया, एक सदस्य बाहेरचा. कुणी रडत तुझ्याकडे आली तर 'सोडून दे' म्हणू नकोस आणि स्वतः मिटवायलाही जाऊ नकोस. ती सांगेल ते तारीख-वेळेसकट तिला लिहून ठेवायला लाव. तक्रारीला ३ महिन्यांची मुदत आहे. कारण पटलं तर समिती आणखी ३ महिने देते, पण त्या भरवशावर राहायचं नाही.

बाळंतपणाची रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे, त्यातली ८ पर्यंत आधी घेता येते, आणि आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असावं. घाई नाही, उगीच तोंड वाकडं करू नकोस. एवढंच, की रजेवर जाणारी प्रत्येक जण कामं नीट सोपवते आणि तोवरचा हिशेब मॅनेजरकडे द्यायला विसरते. मग परत आल्यावर अप्रेजलमध्ये अर्धं वर्ष कोरं. जाण्याआधी एक पान लिहून द्यायचं आणि पोच घ्यायची. तुझ्या लाईनवरची ती खानापूरची मुलगी पुढच्या महिन्यात जाणार म्हणतेस, तिच्याकडून या आठवड्यातच लिहून घे.

पुढच्या रविवारी येशील तेव्हा दुसरी वही आण, पहिल्या आठवड्याचे आकडे आपण दोघी मिळून बघू. बाबांसाठी पाव किलो कुंदा आण, जास्त नको, साखर वाढलीय त्यांची.

तुझी,
आई